आई केअर सेंटरमध्ये आहे, घर कोणाचं?

‘वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवलं आहे, फ्लॅट बंद पडून आहे. तो विकायला आम्हा भावंडांच्या सह्या पुरतील का?’ ‘आईची फी मी एकटा भरतोय, मग घरात बहिणींना सारखाच हिस्सा कसा?’ ‘भावाने आईकडून बक्षीसपत्र करून घेतलं, मला ते सोसायटीच्या ऑफिसात कळलं. आता काय करू?’ वाचकांची विचारणा थोड्याफार फरकाने याच तीन प्रश्नांभोवती फिरते. तिन्हींच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे: आई-वडील घराबाहेर पडले, म्हणजे वारसा सुरू झाला. तो झालेला नसतो. त्यांच्या हयातीत घराचा निर्णय त्यांचाच असतो. तो त्यांना विचारायचा राहून जातो आणि भावंडं आपसात भांडत बसतात.

पुढची माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. हा १९५६चा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. इतरांसाठी आणि गोव्यासाठी पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

घर आजही त्यांचंच

केअर सेंटरमध्ये, वृद्धाश्रमात किंवा लेकीकडे राहायला गेल्याने मालकी बदलत नाही, सोसायटीचं सभासदत्वही जात नाही. आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या पैशातून घेतलेल्या घरात मुलांना त्यांच्या हयातीत हिस्सा नसतो. ते घर विकू शकतात, एकाच मुलाला देऊ शकतात, संस्थेला दान करू शकतात. ‘माझा वाटा आत्ताच द्या’ ही मागणी कोर्टात टिकत नाही. आणि सगळ्या मुलांच्या सह्या असल्या तरी मालकाच्या सहीवाचून विक्री होत नाही.

आई-वडील हयात असताना बहिणींकडून ‘आम्हाला काही नको’ असं लिहून घेण्याची पद्धत अजून बरीच आहे. जो हक्क अजून मिळालेलाच नाही, तो सोडता येत नाही. पुढे कधी मिळू शकेल अशा वारशाच्या हस्तांतराला मालमत्ता हस्तांतरण कायदा मान्यता देत नाही. बहिणींनी अशा कागदावर सही करू नये, आणि भावांनी त्याच्या भरवशावर राहू नये. त्यापोटी पैसे दिले-घेतले गेले असतील, तर मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तो कागद वकिलाला दाखवा.

चर्चेआधी कागद काढा

बहुतेक घरांत भांडण आधी होतं आणि कागद नंतर बघितले जातात. क्रम उलटा करा. हे जमवा:

- नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स-२
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशन फॉर्मची प्रत
- शहरात मिळकत पत्रिका. गावी सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८
- घरपट्टी आणि मेंटेनन्सच्या पावत्या, कर्ज फिटल्याचा दाखला
- वडील किंवा आई वारलेली असल्यास मृत्यूचा दाखला, आणि मृत्युपत्र असेल तर ते

मूळ कागद एकाच भावंडाच्या कपाटात ठेवू नका. आई-वडिलांच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवा आणि स्कॅन केलेल्या प्रती सगळ्यांना द्या. घर बंद करण्यापूर्वी सामानाची, दागिन्यांची यादी फोटोंसह करा. क्षुल्लक वाटतं, पण पुढे ‘आईच्या पाटल्या कुठे गेल्या’ या एका प्रश्नावरून बोलणं बंद झालेली घरं कमी नाहीत.

कागदावर नाव कोणाचं, त्यावर हिस्सा

मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या पश्चात त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई हयात असल्यास ती, असे सगळे समान वाटेकरी होतात. आधी वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो. मुलीचं लग्न झालं आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

‘वडील गेले, आता सगळं आईचं’ असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर होता, मृत्युपत्र नाही, मागे आई आणि तीन मुलं: प्रत्येकाचा पाव हिस्सा. तोच फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा असेल, तर फक्त वडिलांच्या अर्ध्याचे चार भाग होतात. म्हणजे प्रत्येक मुलाचा आठवा हिस्सा आणि आईचा स्वतःचा अर्धा अधिक एक अष्टमांश. आई मृत्युपत्र करू शकते ते तिच्या हिश्शापुरतं. तिने ‘संपूर्ण फ्लॅट धाकट्याला’ असं लिहिलं, तरी भावंडांचा हिस्सा त्यात जात नाही.

‘वडिलोपार्जित’ हा शब्दही जपून वापरा. आजोबांनी स्वतः घेतलेलं घर १९५६च्या कायद्यानंतर वारशाने वडिलांकडे आलं असेल, तर ते वडिलांची स्वतःची मालमत्ता मानलं जातं. नातवंडांचा त्यात जन्मतः हक्क नसतो. एकत्र कुटुंबाची मिळकत खरोखरच असेल, तर ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीपासून मुलीही मुलांइतक्याच हक्कदार आहेत. त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सोसायटीच्या फॉर्मवर तुमचं एकट्याचं नाव असलं, तरी घर तुमचं होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार, कायदेशीर वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतलं जातं. मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. सातबारावरच्या फेरफाराचंही तसंच. ती महसुलाची नोंद असते, मालकीचा निवाडा नसतो. तरी फेरफाराची नोटीस आली तर गप्प बसू नका. १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या.

सांभाळलं त्याचा वाटा जास्त का?

सगळ्यात कडू भांडण इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू या.

कायद्याचं उत्तर कोरडं आहे. मृत्युपत्राशिवाय वारसा झाला तर ज्याने वर्षानुवर्षं फी भरली त्याला, दर आठवड्याला जाऊन आईची नखं कापणाऱ्या मुलीला, आणि दिवाळीत फोन करणाऱ्याला सारखाच हिस्सा मिळतो. फी भरल्याने घरात हक्क निर्माण होत नाही. हे अन्यायाचं वाटत असेल, तर दुरुस्तीची वेळ आई-वडील हयात असतानाची आहे. नंतर कोर्टात ‘मी केलं’ हे सांगून फारसं काही हाती लागत नाही.

माझं मत असं की सांभाळण्याचा हिशोब आणि वारशाचा हिशोब सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. त्यासाठी:

१. आधी आई-वडिलांचे स्वतःचे पैसे वापरा: पेन्शन, ठेवींचं व्याज, घराचं भाडं. ‘त्यांची पुंजी राहू द्या, आम्ही भरतो’ यामागची भावना चांगली असते, पण ती पुंजी नंतर सगळ्यांत वाटली जाते आणि भरणाऱ्याच्या मनात सल राहतो.

२. कमी पडेल ती रक्कम कोण किती देणार, हे लिहून ठरवा. फी, औषधं, डायपर, रुग्णवाहिका, मदतनीस यांची एक वही किंवा शीट ठेवा. ती सगळ्यांना बघता यावी.

३. एकच जण भरत असेल आणि ते नंतर परत मिळावं अशी अपेक्षा असेल, तर ते आई-वडिलांना दिलेलं कर्ज आहे, असं त्यांच्या सहीने लिहून घ्या. पैसे त्यांच्या खात्यातूनच फिरवा. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा उरत नाही.

४. ज्याच्या कष्टांची पावती नसते त्याचाही विचार करा. रात्री हॉस्पिटलमध्ये बसणं, डॉक्टरांशी बोलणं, मलमूत्राचे कपडे धुणं हे बहुधा मुलीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येतं आणि वाटणीच्या बोलण्यात त्याचं नावही निघत नाही. आई-वडिलांना त्याची जाण असेल, तर त्यांनी मृत्युपत्रात तसं लिहावं. त्यांना तो पूर्ण अधिकार आहे.

त्यांना समजतंय, बोलता येतंय तोवर

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, विक्री या सगळ्यांसाठी करून देणाऱ्याला आपण काय करतोय हे समजायला हवं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल, तर हाताशी असलेला काळ थोडा आहे.

मृत्युपत्र. बहुतेक कुटुंबांसाठी हाच मार्ग बरा, कारण घर शेवटपर्यंत आई-वडिलांच्या हातात राहतं आणि त्यांना मत बदलता येतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केअर सेंटरमध्ये राहणाऱ्यांनी ती जरूर करावी. आजारपणामुळे कार्यालयात येणं शक्य नसेल, तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाकडून अधिकारी जिथे व्यक्ती आहे तिथे येऊ शकतात. पुढे वाद होऊ नये म्हणून एवढं पाळा:

- ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. सेंटरच्या मालकालाही नको.
- सही करताना ज्याला घर मिळणार तो मुलगा किंवा मुलगी खोलीत नसावी.
- त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. डॉक्टर साक्षीदार झाले तर अधिक चांगलं.
- एखाद्याला कमी किंवा काहीच दिलं नसेल, तर कारण एक-दोन वाक्यांत लिहा.
- मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यक्तीचं नाव घाला.

ज्याच्या फायद्याचं मृत्युपत्र त्यानेच वकील आणला, त्यानेच साक्षीदार आणले, सही थरथरती आणि बाकी भावंडांना पत्ता नाही: कोर्ट अशा परिस्थितीला संशयास्पद मानतं, आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकतं.

बक्षीसपत्र. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागतो का, ते नोंदणी कार्यालयात विचारा. स्वस्त म्हणून ते पटकन केलं जातं. पण नोंदलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही, आणि घर त्याच दिवशी जातं. ज्यांचा पुढचा सगळा खर्च त्या एका घरावर अवलंबून आहे, त्यांनी ते बक्षीस देऊ नये, असं मी स्पष्टपणे सांगेन. द्यायचंच असेल तर दोन अटी त्यातच लिहा: घेणाऱ्याने सांभाळ आणि औषधोपचार करायचे, आणि घरात राहण्याचा किंवा भाडं घेण्याचा हक्क देणाऱ्याकडे तहहयात राहील.

कुलमुखत्यारपत्र. सगळ्यांत जास्त गैरसमज याच कागदाबद्दल आहेत. तो फक्त प्रतिनिधी नेमण्याचा कागद आहे. त्याने घर तुमचं होत नाही, आणि देणाऱ्याची समज गेली किंवा मृत्यू झाला की तो संपतो. ‘आईला आता काही कळत नाही, पण माझ्याकडे तिची पॉवर आहे’ हे वाक्य कायद्यात उभंच राहत नाही. अशा पत्रावर केलेली विक्री उद्या रद्द होऊ शकते. परदेशातल्या भावंडाने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं पत्र पाठवलं, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या.

समज गेली असेल तर

तर अंगठा घेऊ नका. कोणी घेत असेल तर सेंटरच्या व्यवस्थापकांना लेखी कळवून थांबवा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. घराचे व्यवहार त्याला करता येत नाहीत. घराबाबत निर्णय घेणं अटळ असेल, तर उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत जवळच्या नातेवाइकांना असं नेमलेलं आहे. सगळ्या भावंडांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली, तर काम बरंच सोपं होतं.

फीसाठी घराचा उपयोग

विकण्याआधी भाड्याचा विचार करा. लिव्ह अँड लायसन्स करार आई-वडिलांच्या नावाने करा, नोंदवा (नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते) आणि भाडं त्यांच्याच खात्यात येऊ द्या. ‘बरी होऊन घरी जाईन’ या आशेवर असलेल्या माणसाला घर विकल्याची बातमी काय करते, हे सेंटरमधल्या परिचारिकांना विचारा.

रिव्हर्स मॉर्टगेज इथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण ती योजना स्वतः राहत असलेल्या घरासाठी आहे. कर्जदार सलग वर्षभर घराबाहेर राहिला तर कर्जाची वसुली सुरू होऊ शकते. विक्री करावीच लागली, तर पूर्ण रक्कम मालकाच्या खात्यात जमा करा आणि त्यातून फी जाईल अशी ठेव करा. ती आधीच वाटून घेऊ नका.

घरात एक भाऊ राहतोय

तो आई-वडिलांच्या परवानगीने राहतोय; त्यांनी परवानगी काढून घेतली तर राहण्याचा त्याला स्वतंत्र हक्क नाही. सून राहत असेल तर मात्र कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा निवासाचा हक्क कोर्ट विचारात घेतं, त्यामुळे तिथे घाईने कुलूप बदलू नका. आई-वडिलांच्या पश्चात तो भाऊ सहमालक होतो आणि कितीही वर्षं राहिला तरी केवळ त्यामुळे बाकीच्यांचा हिस्सा बुडत नाही. २००५पासून मुलीही राहत्या घराची वाटणी मागू शकतात.

फसवून घर घेतलं असेल तर

आई-वडिलांना स्वतःला दाद मागता येते. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. तो त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते, आणि वकील लागतोच असं नाही.

- दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे.
- सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं हे मान्य केलं.
- मूल नसलेल्या ज्येष्ठांना, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे त्याच्याकडून निर्वाह मागता येतो.
- ज्येष्ठाला टाकून देणं हा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुम्ही भावंड असाल आणि संशय असेल, तर आधी नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात इंडेक्स-२ बघा. दस्त झालेला असेल तर सोसायटीला लेखी हरकत द्या, आणि त्या तारखांच्या आसपासचे वैद्यकीय कागद जपायला सेंटरला पत्र लिहा. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. दावा दाखल झाल्यावर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला वकिलांना सांगा, म्हणजे मधल्या काळात घर तिसऱ्याला विकलं, तरी घेणारा दाव्याच्या निकालाला बांधील राहील.

गोव्यात आणि इतर कुटुंबांत

गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे साधारणपणे पती-पत्नीची मिळकत निम्मी-निम्मी असते, आणि मुलं असतील तर आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. वाटणी इन्व्हेंटरीच्या कार्यवाहीतून होते. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणतः एक तृतीयांशच देता येतं. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. २००७चा ज्येष्ठांचा कायदा मात्र सगळ्या धर्मांसाठी आहे.

मदत कुठे मिळेल

ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० किंवा जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे आईसाठी किंवा बहिणीसाठी पैशांअभावी दाद मागणं थांबवू नका. याच प्राधिकरणाकडे मध्यस्थीचीही सोय असते. पहिली बैठक शक्य असेल तर केअर सेंटरमध्येच घ्या, आई किंवा वडिलांना मधोमध बसवून, आणि त्यांना काय हवं आहे ते सगळ्यांत आधी विचारा.